'हार्ड' आणि 'हार्डली'

आमचें नशीब एकदां दोन अक्षरांवरून घसरलें. तीं अक्षरें म्हणजे इंग्रजी क्रियाविशेषणाचें शेपूट, 'एल' आणि 'वाय'.

1967 सालीं एका कचेरींत कारकुनाची जागा निघाली होती. वडील नुकतेच पेन्शनींत निघालेले, दोन बहिणींचीं लग्नें व्हावयाचीं. आम्हीं रात्र जागून इंग्रजींत अर्ज लिहिला, आणि एका पेढीवरील आपल्या उमेदवारीची साक्ष म्हणून त्यांत 'आय हॅव वर्क्ड हार्डली फॉर टू इयर्स' असें वाक्य गेलें. सांगावयाचें होतें, दोन वर्षें कष्टानें काम केलें. अर्ज म्हणत होता, दोन वर्षें काम जवळजवळ केलेंच नाहीं! मुलाखतीच्या वेळीं समोरच्या गृहस्थांनीं तें वाक्य मोठ्यानें वाचलें व ते हंसले. कारण न कळल्यामुळें आम्हीहि हंसलों. जागा अर्थातच दुसऱ्यास मिळाली.

शाळेंतला नियम सोपा होता : विशेषणास 'ली' जोडावें, क्रियाविशेषण तयार. 'स्लो'चें 'स्लोली' होतें, हें खरें. पण 'फास्ट' आणि 'हार्ड' दोन्ही कामें एकाच वेषांत करितात. 'हार्डली' व 'लेटली' हीं मूळ घर सोडून निराळ्याच अर्थाच्या बिऱ्हाडीं गेलेलीं. आणि 'फ्रेंडली' शेपूट मिरवूनहि विशेषणच!

मात्र सगळा दोष इंग्रजीच्या माथीं मारणें बरें नव्हे. 'मुलगी चांगली आहे' आणि 'मुलगी चांगली गाते', या दोन वाक्यांतील 'चांगली' रूपानें एकच. दुसऱ्या वाक्यांत ती गाण्याची रीत सांगते, तरी लिंग मुलीचें घेते. मुलगा गाऊं लागतांच तिचें 'चांगला' होतें. क्रियेची चाकरी करून कर्त्याचा पोशाख घालणाऱ्या अशा शब्दांत वाढलेलें आमचें मूल 'शी सिंग्ज वेल' म्हणावयाच्या ऐवजीं 'शी सिंग्ज गुड' म्हणालें, तर नवल काय?

जागेचा प्रश्न तर याहून बिकट. आमचा 'च' ज्यास त्यास चिकटून बसतो : 'मीच त्यास पाहिलें', 'मीं त्यासच पाहिलें'. इंग्रजी 'ओन्ली'ला चिकटतां येत नाहीं, तें शेजारीं उभें राहतें. 'ओन्ली आय सॉ हिम' म्हणजे मीच. 'आय सॉ ओन्ली हिम' म्हणजे त्यासच. बोलतांना इंग्रज स्वतः 'आय ओन्ली सॉ हिम' म्हणून मोकळा होतो, कारण कोणत्या शब्दावर भर आहे हें त्याचा आवाज सांगतो. कागदाला आवाज कोठला?

आमच्या अर्जाची चूक पुढें तीन महिन्यांनीं एका मास्तरांनीं उलगडून सांगितली. ती आम्हीं घरीं कधींच बोलून दाखविली नाहीं. अर्ज टपालांत पडण्यापूर्वीं वडिलांनीं चष्मा लावून तो वाचला होता. आम्हीं लिहिलेल्या 'हार्ड'पुढें, 'येथें क्रियाविशेषण हवें, बाळ,' असें म्हणून त्यांनीं स्वतःच्या वळणदार अक्षरानें तें शेपूट जोडलें होतें. ती जागा वशिल्यानें गेली, असें ते अखेरपर्यंत येणाऱ्याजाणाऱ्यांस सांगत, आणि आम्ही मान हलवीत असूं.