गाडीभोवतीची एक फेरी

जुन्नरचे नाव घेताच शिवनेरी डोळ्यांपुढे उभा राहतो. परंतु व्यापारी घराण्यांचे या गावाशी नाते त्याहूनही पुरातन आहे. सातवाहनांच्या काळी कोकणातील बंदरांत उतरलेला माल नाणेघाट चढून जुन्नरच्या पेठेत येत असे. घाटमाथ्यावरील दगडी रांजण जकातीचा म्हणून आजही दाखविला जातो, आणि जवळच्याच लेण्यात राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. मानमोडी डोंगरातील अंबा-अंबिका लेण्यांत पुढील काळात जैन प्रतिमांनाही स्थान मिळाले. व्यापार आणि धर्म दोन्ही याच वाटेने सह्याद्री चढले. बैलांच्या पाठीवरील तो माल आज माळशेज घाटातून चाकांवर जातो, आणि माणसे एस.टी.ने जातात.

जुन्नर आणि आंबेगाव या दोन्ही तालुक्यांची रूपे दोन. पूर्वेकडे कुकडी प्रकल्पाच्या येडगाव, वडज, माणिकडोह, पिंपळगाव जोगे व डिंभे या 5 धरणांच्या पाण्यावर पोसलेली बागायत: ऊस, द्राक्षे आणि नारायणगावच्या बाजारात उतरणारा टोमॅटो. पश्चिमेकडे मात्र घोडेगाव सोडून डिंभ्याच्या जलाशयाच्या कडेने भीमाशंकरच्या दिशेला निघाले की रस्ता अरुंद होतो, वळणे वाढतात आणि पावसाळ्यात धुके काचेला येऊन टेकते. पूर्वेला ऊसतोडीच्या हंगामात दिव्याविना चाललेल्या बैलगाड्या व ट्रॉल्या, पश्चिमेला दरड आणि दरी. एकाच चालकाला आठवड्यात या दोन्ही रस्त्यांवरून जावे लागते.

1 जून 1948 रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एस.टी. धावली. त्यानंतर डोंगरातील वाड्यांना जगाशी जोडले ते मुक्कामी गाडीने. संध्याकाळी शेवटच्या गावी जाऊन ती तेथेच थांबते आणि पहाटे विद्यार्थी, दुधाच्या किटल्या व बाजारकरी घेऊन परत फिरते. आगारात यांत्रिक असतो, खड्डा असतो, हत्यारे असतात. मुक्कामाच्या गावी यांपैकी काहीही नसते. तेथे गाडीचा वैद्य चालक स्वतःच.

म्हणूनच पहाटेच्या अंधारात, बिबट्याच्या मुलखात, हाती विजेरी घेऊन गाडीभोवती घातलेली एक फेरी फार मोलाची ठरते. प्रथम गाडीखालची जमीन पाहायची: तेल, डिझेल किंवा पाणी ठिबकले आहे काय? मग इंजिनातील तेल, रेडिएटरमधील पाणी, पट्ट्यांचा ताण. चाकांचे नट हाताने चाचपायचे आणि टायर ठोकून त्याचा आवाज ऐकायचा. हवा कमी असलेल्या टायरचा आवाज बद्द येतो. मागील जोडचाकांमध्ये अडकलेला दगड काढून टाकायचा, कारण तोच पुढे टायर फाडतो. टायरवरील नक्षीची खोली 1.6 मिलिमीटरहून कमी नसावी असा नियम आहे. ओल्या रस्त्यावर पाणी बाजूला सारण्याचे काम तीच करते. त्यानंतर दिवे, इशारादिवे, वायपर, भोंगा, आरसे, दार, संकटकालीन दरवाजा, अग्निशामक आणि प्रथमोपचार पेटी.

शेवटी ब्रेक. एस.टी.चा ब्रेक हवेच्या दाबावर चालतो. दाबाचा काटा पुरेसा चढल्याशिवाय गाडी हलवायची नाही, आणि थांबलेल्या गाडीत काटा उतरू लागला तर कोठेतरी गळती आहे असे समजायचे. घाटात सतत ब्रेक दाबून ठेवला तर त्याचे अस्तर तापते आणि पकड सुटू लागते. म्हणून ज्या गिअरमध्ये घाट चढावा त्याच गिअरमध्ये तो उतरावा, हा जुन्या चालकांचा दंडक. इंजिनच गाडी धरून ठेवते आणि ब्रेक खऱ्या गरजेसाठी शिल्लक राहतो.

या साऱ्याला अवघी काही मिनिटे लागतात. जैन परंपरेत या वृत्तीला नाव आहे: यतना. चालताना, बसताना, वस्तू उचलताना व ठेवताना जीवाला इजा होऊ नये म्हणून राखलेली जागरूकता. जुना शब्द आणि नवे यंत्र यांत अंतर दिसले तरी भाव एकच आहे. वाहनाचे योग्यता प्रमाणपत्र वर्षा-दोन वर्षांतून एकदा मिळते. यतना मात्र रोजची असते.

2014 या वर्षाने या भागाला दोन धडे दिले. 2 जानेवारीला माळशेज घाटाच्या रस्त्यावर ठाण्याहून अहमदनगरकडे निघालेली एस.टी. दरीत कोसळली आणि पंचवीसहून अधिक प्रवासी मृत्यू पावले. त्याच वर्षी 30 जुलै रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर ढासळला. 151 जण गेले. गाव चिखलाखाली गाडले गेल्याचे प्रथम लक्षात आले ते त्या मार्गाने जाणाऱ्या एस.टी. चालकाच्या. नित्य दिसणारी घरे आज जागेवर नाहीत हे त्याने पाहिले आणि वार्ता बाहेर पोहोचविली. तपासणी म्हणजे तरी दुसरे काय? जे जागेवर असावयास हवे ते आज आहे काय, हे रोज नव्याने पाहणे आणि नसेल तर तत्काळ सांगणे.

हा विषय केवळ चालकांचा नाही. चातुर्मासात गुरुदर्शनासाठी, सुट्टीत पालीताणा किंवा शिखरजीसाठी संघ व परिवार खासगी बस ठरवितात. दराची घासाघीस बारकाईने होते. टायर पाहण्यास मात्र क्वचितच कोणी खाली वाकतो. दुकानात माल परखून घेणाऱ्या श्रावकाने निघण्यापूर्वी चालकासह गाडीभोवती एक फेरी घालावी, कागदपत्रांच्या मुदती पाहाव्यात. शुद्ध आहारासाठी सोबत स्वयंपाकाचे साहित्य असते. परंतु भरलेला गॅस सिलिंडर प्रवाशांच्या गाडीत कदापि नेऊ नये. त्याची व्यवस्था मुक्कामी करावी. नाश्त्याचे डबे व गाद्या रचून संकटकालीन दरवाजा बंद करू नये.

सर्वांत महत्त्वाचे यंत्र चालकाचा देह. 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने कामाची मर्यादा सर्वसाधारणपणे दिवसाला 8 तास व आठवड्याला 48 तास ठरविली होती. यात्रेकरू धर्मशाळेत झोपतात आणि चालक गाडीतच आडवा होतो, हे दृश्य अनेक तीर्थांवर दिसते. त्याला अंथरूण, वेळेवर भोजन आणि पुरती झोप देणे हा उपकार नव्हे, स्वतःच्या परिवाराचे रक्षण आहे. लांबच्या रात्रीच्या प्रवासात दुसरा चालक असलाच पाहिजे.

पुणे-नाशिक महामार्गाच्या कडेने पहाटे साधु-साध्वींचा विहार चालू असतो. ईर्यासमिती पाळत, पुढची भूमी निरखत ते पायी चालतात. मागून येणारे वाहन त्यांना दिसत नाही. त्यांचे प्राण त्या क्षणी एका अनोळखी चालकाच्या हाती असतात: त्याने पुसलेल्या काचेवर, तपासलेल्या ब्रेकवर आणि पुरेशा झोपलेल्या डोळ्यांवर.