एका रायफलीत दोन कामं मावत नाहीत

स्वप्निल कुसाळेनं १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवलं आणि नाणे मावळातल्या आमच्या घरात माझ्या नेमबाजीला एकदम किंमत आली. राधानगरीतल्या कांबळवाडीचा मुलगा तिथवर पोचतो, म्हणजे यात काहीतरी आहे, असं घरच्यांना पटलं. तोवर मी बालेवाडीच्या रेंजवर क्लबच्या रायफलीनं सराव करत होते. आता स्वतःची घ्यायची ठरली, तशी तात्यांनी, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांनी, अट घातली.

"पोरी, एवढा पैसा घालायचा तर रानातबी चालंल अशी घे. सकाळी तुझी रेंज, रातीला आमची राखण. डुकरांनी भात ठेवला न्हाय."

तात्यांचं दुखणं खरं होतं. आमच्याकडं इंद्रायणी भाताचा दाणा दुधात आला की रानडुकरं डोंगर उतरून खाचरात येतात. खातात थोडं, लोळून आडवं करतात जास्त. सकाळी जाऊन पाहावं तर चुडंच्या चुडं चिखलात रुतलेली, बांध नाकाडानं उकरलेला, पाणी वाहून गेलेलं. माळ्यावर बसून डबे वाजवायचे, फटाके लावायचे, आणि झोप लागली त्याच रात्री पीक जायचं. आजोबांची बारा बोअरची बंदूक त्यांच्या पश्चात ठाण्यात जमा झाली होती. तिची आठवण तात्यांना अशा वेळी हटकून यायची.

मी त्यांना आधी कायदा सांगितला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार हौसेच्या शिकारीला आता बंदी आहे. पिकाचा नाश करणारं डुक्कर मारायचं तरी वनखात्याची लेखी परवानगी लागते. १९५९ च्या शस्त्र कायद्यानं तर परवान्याच्या वाटाही वेगळ्या आखल्यात. पीक राखायला ठासणीची बंदूक, संरक्षणाला किंवा खेळाला नळीत आटे नसलेली, किमान २० इंची नळीची बंदूक, आणि .२२ ची रायफल मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सभासदाला, निशाण्याच्या सरावासाठी. ज्या कारणासाठी परवाना मागायचा, त्याच कारणासाठी हत्यार वापरायचं.

"कायदा ऱ्हाऊ दे बाजूला," तात्या म्हणाले, "हत्याराचं सांग. गोळी ती गोळीच की."

म्हणून एका रविवारी त्यांना बालेवाडीला नेलं. प्रशिक्षकांच्या परवानगीनं, रिकामी केलेली .२२ ची मॅच रायफल त्यांच्या हातात दिली. तात्यांचे खांदे पोती उचलून घडलेले, तरी ते चमकले. "आगं, ही तर पहारीवाणी जड हाय!" ५० मीटरच्या प्रकारात रायफलीचं वजन ८ किलोपर्यंत चालतं, कारण वजन असलं की नळी कमी हलते. नेमबाज एका जागी असतो, त्याला ते परवडतं. राजमाचीच्या अंगाची चढण ती घेऊन कोण चढणार?

मग मी लेनवर आडवी झाले. डाव्या हाताला पट्टा आवळला, गाल स्टॉकच्या गालपट्टीला टेकवला. मागच्या बारीक भोकातून पुढचं कडं आणि कड्यात काळं वर्तुळ. श्वास अर्धा सोडून थांबवला. ट्रिगर इतका हलका असतो की बोट टेकलं आणि मन ठरलं की गोळी सुटते. ५० मीटरवर दहाचं वर्तुळ जेमतेम १०.४ मिलिमीटरचं. सामन्याआधी सरावाच्या गोळ्या झाडून वारा आणि साइट जुळवायला वेळ मिळतो. त्यानंतर तीच कृती, तशीच्या तशी, पुन्हा पुन्हा करायची. आमची सगळी विद्या या सारखेपणात आहे.

तात्या मागं बसून बघत होते. मी उठल्यावर त्यांनी स्वतःच विचारलं, "अंधारात ह्या भोकातनं काय दिसंल?"

काहीच दिसणार नाही. या साइटला उजेड लागतो आणि डुकरं येतात रात्री. एवढा हलका ट्रिगर घेऊन ओल्या बांधावरून चालणं म्हणजे घातच. रानातल्या हत्याराचा ट्रिगर मुद्दाम कडक हवा. तिथं सरावाची गोळी नसते, पहिलीच गोळी खरी. आणि .२२ ची गोळी असते २.६ ग्रॅमच्या आसपास. रानडुक्कर शंभर किलोच्या वर भरू शकतं, नराच्या खांद्यावरचं कातडं ढालीसारखं जाड. अशा गोळीनं ते मरत नाही, जखमी होऊन कारवीत शिरतं आणि दुसऱ्या दिवशी गवताला गेलेल्या बाईच्या अंगावर येतं. जिवाला असं तळमळत सोडणं मला पाप वाटतं.

मोठी रायफल घ्यावी, तर .३१५ बोअरची गोळी डुक्कर नक्की पाडते, पण ऑलिंपिकच्या १० आणि ५० मीटरच्या स्पर्धांत तिला जागाच नाही. तिथं एअर रायफल आणि .२२ एवढंच चालतं. शिवाय .२२ ची चुकलेली गोळीसुद्धा दीड किलोमीटरपलीकडं जाऊ शकते. लोणावळा ते कामशेत आज रेल्वे, एक्सप्रेस वे, वाड्या, बंगले यांनी भरलंय. रात्री गोळी झाडायला मोकळी दिशा उरलीय कुठं?

मी .२२ च घेतली, फक्त रेंजसाठी. तिच्यासाठी बाजूला काढलेल्या पैशांतून थोडे तात्यांना दिले. त्यांनी शेताभोवती सौर झटका मशीनची तार ओढली. नुकसान झालं की पंचनाम्यासाठी अर्ज करायचा, हेही आता त्यांच्या अंगवळणी पडलंय. नेमबाजीत येऊ पाहणाऱ्या मावळातल्या पोरापोरींना मी हेच सांगते: आधी क्लबच्या रायफलीवर हात बसवा, मग आपल्या स्पर्धेच्या मापाची स्वतःची घ्या. घरचे शेतासाठी बंदूक मागतील. त्यांचं म्हणणं टाळू नका, त्यांच्यासोबत कुंपण घाला आणि वनखात्याच्या दारातही उभे राहा. पीक वाचवणं आणि दहाचा वेध घेणं, दोन्ही कामं मोलाची आहेत. म्हणूनच प्रत्येकाला त्याचं त्याचं साधन द्यावं.