दुसरा मॉनिटर

आमच्या शाळेच्या दिवसांत मॉनिटर म्हणजे, मास्तर वर्गाबाहेर गेले कीं बोलणाऱ्या मुलांचीं नांवें फळ्यावर लिहून ठेवणारा एक भयंकर प्राणी. तो मान आम्हांस कधींच मिळाला नाहीं. फळ्यावर मात्र आमचें नांव बहुधा पहिलें असे. अशा आमच्या टेबलावर उतारवयांत एक सोडून दोन मॉनिटर येऊन बसावेत, हा दैवाचा विनोदच म्हणावयाचा!

त्याचें कारण आमचे गुरुजी. ते कल्याणास राहतात. वय 88. जन्मभर मराठी शिकविलें आणि आतां मधुमेहानें दोन्ही डोळे नेले. ठाण्याचे वि. ल. भावे यांचा 'महाराष्ट्र सारस्वत' हा ग्रंथ पुन्हा एकदां समग्र ऐकावा, अशी त्यांची इच्छा. भावे यांनीं 1893 सालीं ठाण्यास मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापिलें. तेथील पुस्तकांवर गुरुजींचें तारुण्य गेलें. डोंबिवलीहून कल्याण दुसरेंच स्टेशन खरें, पण रोज तेथवर जाऊन वाचून दाखविणें आमच्या गुडघ्यांस मानवेना. स्टेशनच्या जिन्यांस दया कशी ती ठाऊक नाहीं. तेव्हां घरींच वाचून ध्वनिमुद्रण करावें आणि दर रविवारीं नेऊन द्यावें, असें ठरलें. यांत आम्हीं नवें कांहींच केलें नाहीं. ध्वनिलेखन यंत्राचे उपयोग सांगतांना एडिसननें 1878 मध्येंच आंधळ्यांसाठीं बोलणाऱ्या पुस्तकांची गणना केली होती.

प्रथम छापील ग्रंथ हातीं घेऊन वाचूं लागलों. पण मायक्रोफोनला पान उलटल्याचा आवाज वाळक्या पाचोळ्यांतून म्हैस गेल्यासारखा ऐकूं येतो. म्हणून ग्रंथाचीं पानें संगणकाच्या पडद्यावर आणलीं. मग पडदा अपुरा पडूं लागला : ग्रंथ पाहावा तर मुद्रण दिसेना, मुद्रण पाहावें तर ग्रंथ झांकला जाई. शेवटीं चिरंजीव परगांवीं जातांना मागें टाकून गेलेला मॉनिटर माळ्यावरून काढला आणि तार जोडली.

दोन्ही पडद्यांवर एकच चित्र! एका ग्रंथाचे दोन ग्रंथ झाले, पण जागा तेवढीच राहिली. विंडोज आणि पी या दोन कळा एकदम दाबाव्या आणि 'डुप्लिकेट' सोडून 'एक्सटेंड' निवडावें, हें कळावयास एक संध्याकाळ गेली. पुढें बाण हरवूं लागला. नवा पडदा आम्हीं डाव्या हातास ठेवला होता, संगणक मात्र तो उजवीकडे आहे असें समजून चालला होता. मांडणीच्या चित्रांतील 2 आंकड्याचा चौकोन ओढून डावीकडे नेला, तेव्हां दोघांचें दिशांविषयीं एकमत झालें. इतकें होतें न होतें तोंच आवाज नाहींसा! मुद्रण ठीक, पण ऐकूं जावें तर सर्वत्र शांतता. एचडीएमआयची तार चित्राबरोबर ध्वनिही वाहते. तेव्हां संगणकानें नव्या पडद्यालाच ध्वनीचें ठिकाण मानलें होतें, आणि त्या बिचाऱ्यास तोंडच नव्हतें. ध्वनीच्या सेटिंगमध्यें आमचा ऑडिओ इंटरफेस पुन्हा निवडला, तेव्हां आमचा आवाज आम्हांस परत मिळाला.

मग रात्रीं लोकल थांबल्यावर, दोन मालगाड्यांच्या मधल्या अवकाशांत, वाचन सुरू झालें. समोर ग्रंथ, डावीकडे हिरवी लहर. आमचा आवाज असा डोंगरदऱ्या काढीत चाललेला पाहून, खरें सांगतों, आम्हांस स्वतःचें मोठें कौतुक वाटलें.

मधल्या एका आठवड्यांत, गुरुजींच्या हौसेखातर, आम्हीं एका जुन्या पोथींतील प्रकरण वाचून नेलें. गुरुजी डोळे मिटून ऐकत होते. एकाएकीं म्हणाले, "थांबव. अरे, देहाला येते ती जरा, ती तूं 'जराशी' करून टाकलीस! आमच्याकडे ती जराशी आलेली नाहीं, चांगली पुरती आली आहे."

आम्ही ओशाळलों. देवनागरींत दोन्ही 'जरा' एकच. पण म्हातारपण या अर्थीं ज तालव्य आणि थोडें या अर्थीं दंततालव्य, हें आम्हांस इयत्ता सातवींत त्यांनींच शिकविलेलें.

"शब्द तुला येत नव्हता असें नव्हे," ते हळूच म्हणाले. "वाचतांना दुसरीकडे पाहात होतास. आणखी तीन ठिकाणीं पाहिलेंस."

तीं तीनही ठिकाणें त्यांनीं सांगितलीं. डोळस माणसाची नजर कोठें गेली, हें अंध माणसानें नुसत्या कानांनीं ओळखिलें! वाचणाऱ्याचा डोळा ओठांच्या एक ओळ पुढें असावा, हा त्यांचा जुना धडा. पुढचें वाक्य दिसतें म्हणून हातच्या शब्दाचा अर्थ ठरतो. आमची हिरवी लहर मात्र होऊन गेलेलें तेवढें दाखवीत होती. आणि आमचा डोळा पुढें राहावयाचा तो मागें वळून पाहात होता.

घरीं येऊन आम्हीं दुसरा मॉनिटर काढला नाहीं; त्याचें तोंड भिंतीकडे फिरविलें. आरंभीं आवाजाचीं शिखरें उणे 12 डेसिबेलच्या आसपास येतील इतकी पातळी बांधून घेतों. मग प्रकरण संपेपर्यंत तिकडे पाहावयाचें नाहीं. संपल्यावर तो वळवून, चूक कोठें झाली तें शोधावयाचें, कापावयाचें. त्या कामीं त्याच्यासारखा सोबती नाहीं.

तें प्रकरण पुन्हा वाचून गेल्या रविवारीं नेलें. गुरुजींनीं शेवटपर्यंत ऐकलें. कांहीं बोलले नाहींत. नंतर एवढेंच विचारलें, "पुढचें आणलें आहेस ना?"

ग्रंथ जाड आहे आणि गुरुजी 88 वर्षांचे आहेत. आतां आम्ही आठवड्यास दोन प्रकरणें वाचतों. फळ्यावर आमचें नांव त्या दिवशीं तरी नव्हतें.