घाटातली गाडी आणि दाबाचे माप

इतिहासाच्या शिक्षकाने शाळेच्या स्मरणिकेत मोटारीच्या इंजिनाविषयी लिहावे, याचे माझ्या सहकाऱ्यांना नवल वाटेल. परंतु आपल्या निवासी शाळेतून बाहेर पडलेले जे विद्यार्थी प्राध्यापक, तलाठी, फौजदार झाले, त्यांची नावे प्रत्येक समारंभात घेतली जातात. गॅरेजमध्ये हात काळे करणाऱ्यांची सहसा घेतली जात नाहीत. त्यांच्यापैकी एकाच्या सहवासात गेल्या आंब्याच्या हंगामापूर्वी मी जे शिकलो, ते येथे नोंदवितो.

आयटीआय पूर्ण करून तो मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीजवळ एका गॅरेजात लागला आणि आज तेथील प्रमुख मिस्त्री आहे. एका संध्याकाळी तो इंग्रजी कागदांची चळत घेऊन घरी आला. कोल्हापूरच्या बाजारात पेट्या नेणारी एक जुनी टर्बो-डिझेल पिकअप त्याच्याकडे आली होती. गाडीवर कर्ज होते आणि हंगाम दोन महिन्यांवर होता. "सर, आंबा घाटात गाडी ओढत नाय. मालक म्हणतो टर्बोचं प्रेशर वाढवून दे. त्याचा कंट्रोलर मी लेथवर करून घेईन, पण कुठल्या पद्धतीचा करावा ते ह्यात लिहिलंय. इंग्रजी तेवढं समजावा." मी त्याला इंग्रजी समजावीत गेलो आणि तो मला इंजिन.

इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूच्या जोराने एक चक्र फिरवायचे, त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने बाहेरची हवा दाबून इंजिनात भरायची, ही टर्बोची मूळ कल्पना. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी यांनी तिचे पेटंट १९०५ साली घेतले. १९१८ मध्ये अमेरिकेत सॅनफर्ड मॉस यांनी विमानाचे इंजिन कोलोरॅडोतील पाइक्स पीक या चौदा हजार फुटांहून उंच शिखरावर नेऊन विरळ हवेत टर्बोची परीक्षा घेतली. डोंगर चढताना कमी पडणारी हवा भरून काढणे हा या यंत्राच्या बाल्यातलाच प्रश्न होता, हे वाचून माझा विद्यार्थी खुलला. "म्हणजे घाटाचीच गोष्ट!" तो म्हणाला.

टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो. त्याला आवर घालण्यासाठी 'वेस्टगेट' नावाची झडप असते. हवेचा दाब ठरावीक मर्यादेला पोचला, की एका बारीक नळीतून तो दाब डबीतल्या पडद्यावर येतो, पडदा स्प्रिंगला रेटतो, झडप उघडते आणि काही वायू चक्राला वळसा घालून निघून जातो. हाताने जुळवायचा नियंत्रक बसतो तो या बारीक नळीत. त्याचे काम एका अर्थी फसवणुकीचे आहे. दाब प्रत्यक्षाहून कमी आहे, असे तो पडद्याला भासवितो. त्यामुळे झडप उशिरा उघडते आणि दाब वाढतो.

हे दोन रीतींनी साधते. पहिल्या रीतीत नळीला 'टी' जोडून थोडी हवा बाहेर सोडतात. मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारी छोटी झडपसुद्धा त्यासाठी लोक वापरतात. ही रीत स्वस्त आहे. परंतु तिच्यात पडद्याकडे थोडा दाब आरंभापासूनच जातो, त्यामुळे झडप वेळेआधी किलकिली होऊ लागते. दुसऱ्या रीतीत पितळेच्या नळकांड्यात एक छर्रा स्प्रिंगने दाबून धरलेला असतो. ठरलेला दाब येईपर्यंत छर्रा हलत नाही, त्यामुळे टर्बो लवकर जोर धरतो. पुढच्या बाजूला मात्र सुईएवढे छिद्र ठेवावेच लागते. नाहीतर पडद्यामागे अडकलेली हवा परतत नाही आणि झडप मिटत नाही. माझ्या विद्यार्थ्याचा कौल छर्ऱ्याला होता. स्क्रूचे आटे बारीक ठेवावेत, म्हणजे एका फेऱ्यात दाब थोडाच बदलतो, हे त्याचे स्वतःचे अनुमान. कागदांत ते कोठेही नव्हते.

एक गोष्ट मात्र दोघांनाही खटकली. ही बारीक नळी निसटली किंवा तुंबली, तर झडप उघडतच नाही आणि दाब बेफाम वाढतो. बिघाड झाला तर यंत्र सुरक्षिततेकडे न झुकता धोक्याकडे झुकते.

मग मी इतिहासाच्या तासाला विचारतो तोच प्रश्न विचारला. "आज या गाडीत दाब किती आहे? पुरावा काय?" तो थांबला. "अंदाजाने सांगतो, सर. मोजला कुणीच नाय."

१९४२ साली बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले. युद्धकाळातील तंत्रशिक्षणाच्या योजना त्याच खात्याकडे होत्या आणि बेव्हिन योजनेतून निवडक भारतीय कामगार प्रशिक्षणासाठी इंग्लंडला जात. वर्गात हे सांगताना मी आता दाबमापकाचे उदाहरण देतो. ज्याच्या हातात पाना त्याच्या हातात पोथी नाही, आणि पोथीवाला पान्याला शिवणार नाही, अशी आपल्या समाजाची शतकानुशतकांची घडी. अंदाजावर चालणारी गॅरेजे तिच्यातूनही आली आहेत, असे माझे मत आहे.

त्याने काट्याचे दाबमापक आणले, नळी केबिनपर्यंत ओढली. पेट्या नव्हत्या म्हणून जांभ्याचे चिरे भरले आणि आम्ही साखरप्याहून घाट चढलो. कंपनीच्या दुरुस्ती-पुस्तिकेत दिलेल्या आकड्याच्या अर्ध्यावरही काटा जाईना. मागे काळा धूर, आणि वळणावर बारीकसा फुसफुस आवाज. गॅरेजात परतल्यावर इंटरकूलरची रबरी नळी खालच्या अंगाला चिरलेली सापडली. वरून ती धडधाकट दिसत होती. या स्थितीत नियंत्रक बसविला असता, तर गळणारी हवा भरून काढण्यासाठी टर्बो आणखी वेगाने फिरत राहिला असता, आणि एखाद्या चढावर बेअरिंगे गेली असती, ऐन हंगामात.

नळी बदलली. त्याच चिऱ्यांसह गाडी आता तिसऱ्या गिअरमध्ये चढली.

मालकाचे समाधान अर्धेच झाले. त्याला अजून जोर हवा आहे. माझ्या विद्यार्थ्याने त्याला स्वच्छ सांगितले, की डिझेल गाडीत नुसती हवा वाढवून फारसे हाती लागत नाही. डिझेलही वाढवावे लागते, आणि पंपावरचा दाबाबरोबर डिझेल वाढविणारा भाग ठरावीक मर्यादेपुढे जात नाही. ती मर्यादा स्क्रू पिळून ओलांडली, तर निकासाचे तापमान चढते, आणि पिस्टन वितळेपर्यंत ते कोणाला दिसत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ चा कागद मी त्याला काढून दिला होता. वाहनातील फेरफारांचे नियम त्यात आहेत, आणि विम्याचा दावाही अशा फेरफारांवरून अडू शकतो.

पितळेचा नियंत्रक त्याने लेथवर करून घेतला आहे. बारीक आट्यांचा, सुबक. तो त्याच्या खणात आहे. आधी निकासाचे तापमान दाखविणारा मीटर बसेल, मग पाहू, असे त्याने मालकाला सांगितले. मालक थोडा रुसून गेला. दाबमापक त्याने त्या गाडीतून काढून घेतले, कारण तोवर दारात दुसरी गाडी उभी होती.