लेकीबरोबरची रेसकार

जुनी मारुती एस्टीम अंगणात उभी आहे. मागची सीट, गालिचे, दारांची पॅनल, सगळं काढलं. वजन घटलं की गाडी ब्रेकला लवकर थांबते, वळणावर टायरांवरचा ताणही कमी होतो. १२९८ सीसीचं इंजिन लेकीनेच खोललं. सिलिंडर हेडचे बोल्ट ती टॉर्क रेंचने मधून बाहेर, टप्प्याटप्प्याने आवळते. घाई केली तर गॅस्केट गळेल, हे तिला सांगावं लागत नाही. एरवी मोजकं बोलणारी ही सोळा वर्षांची मुलगी चाकांच्या कॅम्बरवर, म्हणजे त्यांच्या उभ्या कलावर, तासभर बोलते. आधी रोल केज, म्हणजे आतला सुरक्षा-पिंजरा, मग वेग, एवढाच माझा नियम. कोइम्बतूरचा कारी स्पीडवे तिला गाठायचाय. आईबापांनो, मुलांच्या हाती खुशाल पाना द्या. जबाबदारी त्यांना कामातूनच कळते.