बिनतोंडाचा साक्षीदार

उजनी धरणातली वाम कापताना मासेवाला आतडं बाजूला टाकतो. त्यात एखादी पांढरी, चपटी फीत वळवळताना दिसली तर नाक मुरडू नका. हे पट्टकृमी, ओळख करून घ्यावी असे आहेत.

नटण्याची हौस दांडगी. डोक्याभोवती बारीक आकड्यांचं कडं, जणू मुकुटच! तो आतड्यात रुतवला की स्वारी हलायचं नाव घेत नाही. मराठवाड्यातले प्राणिशास्त्रज्ञ जी. बी. शिंदे यांनी १९६८ साली या घराण्याला नावही तसंच भारदस्त दिलं : सर्कमॉन्कोबोथ्रियम.

खाण्याच्या बाबतीत पक्के आयतोबा. यांना ना तोंड, ना पोट. माशानं पचवलेलं अन्न हे सर्वांगानं शोषून घेतात. पण अन्नासोबत शिसं, कॅडमियमही अंगात मुरतं. जर्मनीच्या रूर नदीतल्या माशांत यांचा एक बिनतोंडाचा शेजारी, काटेरी डोक्याचा कृमी, तपासला गेला. त्याच्या अंगात माशाच्या मांसाच्या २७०० पट शिसं निघालं.

स्वभाव मात्र चोखंदळ. अंडी पाण्यात पडली की पिल्लाला आधी सायक्लॉप्स या पाण्यातल्या बारीक जिवाच्या पोटात जावं लागतं. हा तोच सायक्लॉप्स, ज्याच्यामुळे जुन्या पिढीला नारू व्हायचा. तो माशानं गिळला तरच पुढचा संसार. विषारी पाण्यानं सायक्लॉप्स मेला की वंश खुंटला. म्हणून वामीची आतडी एकाएकी रिकामी निघू लागली, तर ती आनंदाची बातमी समजू नये.

कल्ल्यांवर गरगरणारी एकपेशी परजीवी ट्रायकोडिना यांच्या अगदी उलट. पाण्यात मैला वाढला की जिवाणू वाढतात आणि त्यांच्यावर हिची चंगळ होते. म्हणून परजीवी किती, एवढं मोजून भागत नाही. कोण आलं आणि कोण गेलं, हे पाहावं लागतं.

पुणे-पिंपरी चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत येतं. तेच पाणी सोलापूर पितं. पाण्याचा बाटलीतला नमुना त्या दिवसापुरतं बोलतो. माशात मुक्काम ठोकलेला कृमी मागच्या कित्येक दिवसांचं सांगतो. तेव्हा बाटल्या भराच, पण दर हंगामात थोड्या वामींची आतडीही उघडून पाहा. सोलापुरातल्या प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना याहून मोलाचा अभ्यास कुठला?