डॅशबोर्डच्या मागचं इल्म

डायलिसिसच्या पेशंटला उन्हाळ्यात पोटभर पाणी पिता येत नाही. घशाला कोरड पडली तरी डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मापातच घोट घ्यायचे. अम्मीला आठवड्यातून दोनदा पोहरादेवीहून वाशीमला न्यावं लागतं, आणि मे महिन्यात आमच्याकडे सकाळी दहालाच रस्ता तव्यासारखा तापतो. त्यामुळे गाडीतला एसी आमच्या घरी चैनीत मोजला जात नाही. तो अम्मीच्या औषधांच्या यादीत आहे.

हाच एसी यंदा दगा देऊ लागला. गॅस भरला की चार-पाच दिवस थंड, मग पुन्हा गरम वारा. एका वर्कशॉपने दोन वेळा पैसे घेऊन गॅस भरून दिला, पण तो जातो कुठे हे काही शोधलं नाही. गाडी वापरणाऱ्या प्रत्येकाने एक गोष्ट लक्षात ठेवावी : एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तोच गॅस बंद नळ्यांमधून वर्षानुवर्षं फिरत असतो. आठवड्याभरात संपला, याचा अर्थ कुठेतरी भोक आहे. भोक न शोधता गॅस भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं.

गळती शोधली ती माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने. दहावीनंतर तो गॅरेजला लागला, आता स्वतः उस्ताद आहे. बॉनेटखालच्या सगळ्या जोडांना त्याने साबणाचा फेस लावून पाहिला, कुठेच बुडबुडा नाही. मग एसीचं पाणी ज्या नळीतून गाडीखाली ठिबकतं, तिच्या तोंडाशी गॅस हुंगणारं यंत्र धरलं. यंत्र किंचाळू लागलं. "सर, कूलिंग कॉइल गई," तो म्हणाला. गॅरेजमध्ये जिला कूलिंग कॉइल म्हणतात, तीच इव्हॅपोरेटर. ती बसते डॅशबोर्डच्या मागे, अगदी आत. भाग स्वस्त, पण तिथवर पोचायची मजुरी महाग. त्याच्याकडे हंगामाची गर्दी होती आणि अम्मीची पुढची पाळी तीन दिवसांवर. शेवटी त्यानेच वाटणी केली : "डॅशबोर्ड आप खोलो, गॅस का काम मैं देखता."

ही वाटणी महत्त्वाची आहे. गॅस घरी उघड्यावर सोडायचा नसतो. डोळ्यावर किंवा कातडीवर उडाला तर क्षणात गोठवून इजा करतो, आणि आमच्या गाडीतला आर-१३४ए हवेत गेला तर कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटींहून जास्त उष्णता धरून ठेवतो. म्हणून आधी त्याच्या मशीनने उरलेला गॅस काढून टाकीत घेतला. मग माझं काम सुरू झालं.

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून थोडा वेळ थांबलो, कारण एअरबॅगच्या सर्किटमध्ये वीज साठलेली असते. प्रत्येक टप्प्याला मोबाइलवर फोटो. प्रत्येक जागेचे स्क्रू अंड्यांच्या ट्रेच्या वेगळ्या खळग्यात, खळग्यावर पेन्सिलने नंबर. ग्लोव्ह बॉक्स, रेडिओ, मधली पट्टी, शेवटी अख्खा डॅशबोर्ड सुटून बाहेर आला. वायरींच्या क्लिपा ओढायच्या नसतात, नखाने खटका दाबायचा असतो. झुहरपासून मगरिबपर्यंत एवढंच झालं.

दुसऱ्या दिवशी प्लास्टिकची पेटी उघडली, तेव्हा कॉइल दिसली. अॅल्युमिनियमच्या बारीक पट्ट्या, आणि त्यांच्यावर आमच्या मुलखाचा सगळा इतिहास : लिंबाच्या पाल्याचा चुरा, कापसाचे तंतू, रामनवमीच्या यात्रेत तेलंगण-कर्नाटकातून येणाऱ्या गाड्यांनी उडवलेली धूळ. आमच्या गाडीला केबिन फिल्टर नाही. एसीत हवेतली वाफ कॉइलवर दवासारखी जमते, तिच्यात हा कचरा भिजतो, आणि ती ओल धातूला हळूहळू खात जाते. खालच्या कोपऱ्यात तेलाचा चिकट डाग होता. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही फिरतं. जिथे तेल पाझरलं तिथेच भोक.

नवी कॉइल बसवताना जोडांचे रबरी रिंग नवे, कॉम्प्रेसरच्याच तेलात बुडवून. एक्स्पान्शन व्हॉल्व्हही नवा घातला, कारण एवढं सगळं पुन्हा कोण उघडणार? कॉइलची टोपणं शेवटच्या क्षणापर्यंत काढली नाहीत, कारण हे तेल हवेतला ओलावा शोषून घेतं. फोमच्या पट्ट्या जिथल्या तिथे चिकटवल्या, पाण्याची नळी फुंकून साफ केली. मग उस्ताद आले. अर्धा तास व्हॅक्यूम, नंतर पंप बंद करून पुन्हा अर्धा तास नुसतं काट्याकडे बघणं. काटा हलला नाही. बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलंय तेवढाच गॅस, वजन करून. अंदाजाने नाही.

मी उर्दू आणि मराठी शिकवतो. उर्दूच्या पुस्तकात या सगळ्याला एक शब्द आहे, तबखीर. मराठीच्या पुस्तकात बाष्पीभवन. मुलं दोन्ही शब्द पाठ करतात. माठाचं पाणी पाझरतं, उडून जातं, जाताना उष्णता घेऊन जातं, म्हणून माठ गार. वाळ्याचा पडदा तसाच. इव्हॅपोरेटरमध्येही तेच घडतं : दाबाखालचा द्रव बारीक छिद्रातून आत येतो, दाब उतरताच उकळतो आणि गाडीतली उष्णता शोषून घेतो. फरक इतकाच की माठातलं पाणी हवेत निघून जातं, इथे कॉम्प्रेसर तो वायू पुन्हा गोळा करतो. आर-१३४ए साध्या हवेच्या दाबाला उणे २६ अंशांवरच उकळतो. माझ्या विद्यार्थ्याला हा आकडा सांगता आला नसता. पण दोन मीटरांचे काटे बघून आत काय उकळतंय आणि काय अडलंय, हे तो एका नजरेत सांगतो.

आणि हेच पोर जिथे जाईल तिथे 'पंक्चरवाले' या शब्दाने मोजलं जातं. सोशल मीडियावर तर आपल्या अख्ख्या समाजाला हसायचं झालं की हाच एक शब्द काढतात. आपलेही लोक तो टोमणा मनावर घेतात आणि म्हणतात, काहीही कर पण गॅरेजला जाऊ नको. म्हणजे टोमणा मारणाऱ्याचं माप आपण आपल्याच मुलाला लावतो.

बीएडला आम्ही शिकलो होतो : ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि नई तालीमचा आराखडा करायला समिती नेमली. तिचे अध्यक्ष जामिया मिल्लियाचे डॉ. झाकिर हुसेन, जे पुढे १९६७ मध्ये राष्ट्रपती झाले. हाताच्या कामातून बुद्धी घडवायची, हा त्या आराखड्याचा गाभा. आपल्याच विदर्भात मांडलेला हा विचार आम्ही परीक्षेत दहा मार्कांना लिहिला आणि पुढे निघून गेलो.

कामाला इज्जत द्या, एवढं म्हणून भागणार नाही. इज्जतीबरोबर कागदही लागतो. दहावीनंतर आयटीआयला रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचा दोन वर्षांचा ट्रेड आहे. जे उस्तादाच्या हाताखाली शिकून तयार झाले, त्यांची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देणारी 'रेकग्निशन ऑफ प्रायर लर्निंग' ही सरकारी सोयही आहे. हात आहे पण कागद नाही, अशी आपली किती मुलं असतील! त्यांचे अर्ज भरून देणं हे आम्हा शिक्षकांचं काम आहे. त्याच्या अर्जाने मी सुरुवात केली आहे.

जुनी कॉइल मी भंगारात दिलेली नाही. शाळा उघडली की ती टेबलावर ठेवणार आणि उस्तादांना वर्गात बोलावणार. तबखीरचा धडा त्या दिवशी ते घेतील. मी मागच्या बाकावर बसेन.